डिपॉझिटमधली कपात: बोलून मिटवावी की लेखी हरकत घ्यावी?

घर सोडल्यावर डिपॉझिटमधून भलतीच रक्कम कापली गेली, तर वाटा दोन. मालकाशी बोलून मिटवायचं किंवा लेखी हरकत घ्यायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

बोलण्याची बाजू कमकुवत नाही. कपात एखाद्याच गोष्टीची असेल, बेसिनला तडा गेलाय किंवा एक किल्ली कमी आहे, तर फोन पुरतो. लेखी काही गेलं की समोरचा सावध होतो, बोलण्यातला मोकळेपणा जातो. मालक वरच्याच मजल्यावर राहत असेल आणि तुमची पत्रं अजून त्याच पत्त्यावर येत असतील, तर संबंध टिकवण्याला मोल आहे.

तरीही मला बोलण्याचा वीट आला तो एकाच गोष्टीने. दर फोनला कारण बदलायचं. आधी सांगितलं, रंगाचे पैसे कापलेत. मी म्हटलं, खिळ्यांची भोकं हॉलच्या एका भिंतीला आहेत, मग रंग सगळ्या घराचा कसा? पुढच्या वेळी रंगाचे पैसे थोडे उतरले आणि सिंकखालचं फुगलेलं प्लायवूड पुढे आलं. तिथला पाइप गळतोय हे मी राहत असतानाच कळवलं होतं, तो मेसेज दाखवला. मग घराच्या साफसफाईचा खर्च निघाला. एकूण कपात मात्र जवळपास तेवढीच राहिली. आकडा आधी ठरलेला आणि कारणं मागून जुळवलेली, अशा वेळी कितीही चांगलं बोलता येत असलं तरी हाताला काही लागत नाही.

लेखी हरकतीत हे सरकणं थांबतं. मी मेल पाठवला: कपातीची बाबवार यादी द्या, प्रत्येक बाबीचं बिल जोडा. यादी आल्यावर एकेका ओळीसमोर माझं म्हणणं आणि पुरावा लिहिला. एकदा यादी कागदावर आली की त्यात नवी बाब घालताना ‘ही आधी का नव्हती?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

मुद्दा बहुतेक वेळा झीज आणि नुकसान यांतल्या फरकाचा असतो. उन्हाने रंग फिका पडणं, रोजच्या वावराने फरशीची चमक जाणं ही झीज. तिचा खर्च सहसा भाडेकरूवर येत नाही. दार फुटणं हे नुकसान. तिथेही जुन्या वस्तूला नव्याची किंमत लावणं बरोबर नाही. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि तो तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर भिंत खरोखर खराब केली असली तरी मागणी त्या भिंतीच्या खर्चाच्या दोन पंचमांशापर्यंतच जायला हवी. हे गणित फोनवर कोणी ऐकून घेत नाही, कागदावर मात्र पटतं. जे आपल्याकडून खरंच मोडलं ते त्याच पत्रात मान्य करावं आणि वाद नसलेली रक्कम आधी मागावी.

फोटोंचं एक सांगायला हवं. व्हॉट्सॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो कधी काढला ही फाइलमधली नोंद गळून जाते. मूळ फाइल जपून ठेवा.

इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून बहुतेक खाजगी भाड्यांचं डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. वाद झाला आणि दोघांची संमती असली, तर तिथला निवाडा कागदपत्रांवरच होतो आणि कपात योग्य आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. अशी सोय नसेल तिथेही पुढे कोणापुढे जायची वेळ आली, तर हाच कागद कामी येतो. वकिलाची नोटीस मी शेवटी ठेवेन. रक्कम मोठी असेल किंवा उत्तरच येत नसेल, तरच.

प्रत्येकाचा मालक वेगळा, त्यामुळे माझं सगळ्यांना लागू पडेल असं नाही. पण कपातीत दोनहून जास्त बाबी असतील, तर मी तरी सरळ लिहायला बसेन. बोलायचंच असेल तर बोला, आणि त्याच दिवशी ‘आज आपलं असं ठरलं’ एवढा मेसेज टाका. बाकी रक्कम घेताना ‘हिशेब पूर्ण’ अशा मजकुराखाली सही मागितली, तर वाद मिटेपर्यंत ती करू नका.