जुने आणि नवे इनलाइन हॉकी स्केट्स : पाय बुटात कसा बसतो, याचा काही महिन्यांचा अनुभव

इनलाइन हॉकी म्हणजे एका ओळीत चाके असलेले स्केट्स घालून खेळायची हॉकी. त्यासाठीचा माझा जुना जोड कातडी आणि जाड नायलॉनचा आहे. नवा जोड उष्णतेने आकार घेणाऱ्या कडक कवचाचा आहे. गंगापूर रोडच्या बाजूला सिमेंटच्या मैदानावर आमचा सराव चालतो आणि दिवाळीपासून पावसाळा लागेपर्यंत मी दोन्ही जोड आलटून पालटून वापरले. चाके आणि बेअरिंग नंतरही बदलता येतात, म्हणून येथे फक्त बुटाच्या मापाविषयी लिहीत आहे.

माझा चवडा रुंद आणि टाच अरुंद आहे. आपल्याकडे लहानपणापासून चपलांत वावरलेल्या पुष्कळांचे पाय असेच असतात. जुन्या बुटाने या पायाशी हळूहळू जमवून घेतले. सुरुवातीचे काही आठवडे तो चावत असे, पुढे कातडे सैलावले आणि चवड्याला जागा मिळाली. मात्र ज्या मऊपणामुळे चवडा सुखावला, त्याच मऊपणामुळे टाचेभोवतालचा फोमही दबून गेला, आणि वळताना टाच किंचित वर उचलली जाऊ लागली. ती रोखण्यासाठी लेस अधिक आवळावी, तर लेसखालची, चपटी झालेली फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) जीभ नडगीच्या खालच्या शिरेवर रुतते आणि सराव संपेपर्यंत तेथे ठणका लागतो.

नव्या बुटात हा क्रम उलटा आहे. टाच पहिल्याच दिवशी घट्ट बसली. जीभ जाड आणि कडक असल्याने लेसचा दाब एका जागी न साचता पसरतो. चवडा मात्र आवळला गेला. कार्बनमिश्रित कवच कातड्याप्रमाणे वापराने सैलावत नाही, त्यामुळे ‘घालून घालून होईल सैल’ हा दुकानदारांचा नेहमीचा दिलासा येथे लागू पडत नाही. जे काही सैल व्हायचे असते, ते बहुतांशी बूट तापवतानाच होते. सुमारे ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवलेला बूट पायात घालून, लेस वर न ओढता बाजूला ओढून बांधायची, कारण तापलेल्या कवचातून लेसची भोके फाटू शकतात. मग तो निवेपर्यंत उभे न राहता बसून राहायचे आणि पुढचा दिवसभर त्यावर खेळायचे नाही. आमच्यापैकी एकाने पावाच्या भट्टीचा पर्याय सुचवला होता. तिचे तापमान २०० अंशांच्या वर असते, तेव्हा चिकटवलेल्या तळाचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. मी हे काम पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून करून घेतले. त्यानंतर चवड्याचा त्रास बराच ओसरला.

जुन्या जोडाचा क्रमांक पाहून नवा मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी रुंदी डी, ईई अशा अक्षरांनी सांगितली जात असे. आता काही कंपन्या फिट १, २, ३ अशी विभागणी करतात आणि तीत रुंदीबरोबर बुटाची खोलीही धरलेली असते. खोली तपासण्याची एक पद्धत सोपी आहे. लेस ढिली करून टाच मागे टेकवावी, जीभ पुढे ओढावी आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी. ती पायाच्या उंचवट्याला टेकली, तर बूट त्या पायासाठी उथळ आहे. ही तपासणी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि खेळताना वापरतो तेच पातळ मोजे घालून करावी.

पावसाळी हवेत जुन्या कातड्याला आतून बुरशी धरली. नव्याचे अस्तर आतला तळवा काढून पंख्याखाली ठेवले की रात्रीत वाळते. उजव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर मात्र नवा बूट अजून लागतो, कारण माझे ते हाड जरा पुढे आलेले आहे, आणि तेवढा भाग तापवून आतून बाहेर ढकलून घेण्याचे काम बाकी आहे. तोपर्यंत लांबच्या सरावाला मी जुनाच जोड नेतो आणि सामन्याला नवा.