मियाटा खाली घ्यायचीय: नुसत्या स्प्रिंगा की कॉइलओव्हर?

पहिल्या पिढीची माझदा मियाटा (१९८९ ते १९९७ ची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) दारात आली की महिनाभरात नजर मडगार्ड आणि टायरमधल्या फटीवर जातेच. युरोपात हीच गाडी एमएक्स-५, जपानात यूनोस रोडस्टर. माझदाने ती भारतात कधी विकली नाही, त्यामुळे मला विचारणारे बहुतेक अमेरिकेतले किंवा इंग्लंडमधले मराठी लोक असतात. प्रश्न ठरलेला: आखूड स्प्रिंगा घालू की कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच) घेऊ?

दोन्हींच्या आधी एक काम करा. गाडी रॅम्पवर घ्या आणि चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) फिरतात का ते बघा. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली असे दोन आर्म) आहेत आणि अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा, बराचसा भाग या बोल्टांवरच होतो: पुढे कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल), मागे कॅम्बर आणि टो (वरून बघता चाकाचं तोंड आत की बाहेर वळलंय ते). पुढचा टो स्टिअरिंगच्या टाय रॉडवर. इतक्या वर्षांत हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबराच्या) आतल्या नळीत गंजून जाम होतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर फारच. जाम झाले की कापून काढायचे आणि नवे बोल्ट, नवे बुश घालायचे. तो खर्च आधी बाजूला ठेवा. मी उलटं केलं. स्प्रिंगा बसवल्या, मग अलाइनमेंटला गेलो. मागचे बोल्ट हलेनात म्हणून गॅरेजवाल्याने फक्त पुढचा टो जुळवून दिला. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेला तारा दिसेपर्यंत झिजले, आणि बाहेरून बघाल तर कोरे.

कारण साधं आहे. गाडी खाली बसली की वरचा आखूड आर्म चाकाचा माथा आत ओढतो, म्हणजे कॅम्बर ऋण होतो. लोक त्यालाच घाबरतात, पण टायर खातो तो मुख्यतः टो. एका चाकाचा टो एक अंशाने चुकला, तर दर किलोमीटरला ते चाक साधारण साडेसतरा मीटर आडवं घासत जातं. टो अचूक असेल तर दीड अंश ऋण कॅम्बरवरही टायर छान टिकतात.

आता स्प्रिंगा. रस्त्यासाठीचे संच गाडी साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खाली आणतात. पैसे कमी लागतात, उंची बनवणाऱ्यानेच ठरवलेली असते, एकदा अलाइनमेंट केली की मागे काही लागत नाही. अडचण शॉकअपची. मियाटाच्या मूळ शॉकअपला दबायला जागा मुळातच थोडी. गाडी खाली आली की बम्प स्टॉप (दबण्याच्या शेवटी टेकणारं रबर) लगेच गाठला जातो. भर वळणात मागचा बम्प स्टॉप टेकला की तो कोपरा एकदम कडक होतो आणि गाडीचं ढुंगण सुटतं. ओल्या रस्त्यावर हे धोक्याचं आहे. म्हणून स्प्रिंगांसोबत बिल्स्टीन किंवा कोनीचे शॉकअप घ्याच. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली घेणं मात्र माझ्या ओळखीच्या कुणालाही मी करू देणार नाही.

कॉइलओव्हरमध्ये उंची तुमच्या हातात येते, पण ती बदलते कशी हे विचारून घ्या. काहींमध्ये फक्त स्प्रिंगची बैठक खाली-वर होते. त्यात गाडी जितकी खाली तितकी दबायची जागा कमी. ज्यांचा खालचा ब्रॅकेटही फिरवून शॉकअपची लांबी बदलता येते, त्यांत शॉकअपची चाल शाबूत राहते, फक्त टायर मडगार्डच्या आत घासत नाही ना हे पाहावं लागतं. दुसरी गोष्ट, उंचीला हात लावला की अलाइनमेंट नव्याने करायची. चार कोपऱ्यांवरचं वजनही हलतं, कारण एक कोपरा उचलला की त्याचा आणि समोरच्या तिरप्या कोपऱ्याचा भार वाढतो. ट्रॅकवर जाणाऱ्याने वजनकाट्यांवर, चालकाच्या जागी तेवढं ओझं ठेवून, हे जुळवून घ्यावं. हजार किलोच्या आसपासच्या गाडीत एका बाजूचे सत्तर-पंचाहत्तर किलो चांगलेच जाणवतात.

काहीही निवडा, आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात, गाडी नीट बसत नाही आणि रबर लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, गाडी आपल्या उंचीला, तेव्हा आवळा. थोडे दिवस चालवा, मग अलाइनमेंट. रस्त्यावरच्या वापरासाठी मी इथून सुरुवात करतो: पुढे एक अंश ऋण कॅम्बर, मागे दीड, कॅस्टर पाचच्या आसपास, पुढचा टो शून्य, मागे किंचित आत.

टोयोटा जीटी८६ वाल्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत (वरच्या आर्मऐवजी शॉकअपच चाक धरतो) आणि कंपनीकडून कॅम्बर बदलायची सोय नाही. वेगळे कॅम्बर बोल्ट घालावे लागतात. मागे टो जुळतो, कॅम्बरसाठी बदलता येणारे आर्म घ्यावे लागतात. तिथे स्वस्त स्प्रिंगा दिसतात तितक्या स्वस्त पडत नाहीत.

जर्मनीत असाल तर टीयूव्ही या तपासणी संस्थेची मंजुरी लागते, इंग्लंडमध्ये विमा कंपनीला कळवा. भारतात गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येऊ शकतं, त्यामुळे इथल्या गाडीवर हा प्रयोग करण्याआधी आरटीओत विचारा.

रोज ऑफिसला जाणारी आणि रविवारी घाटात फिरणारी गाडी असेल तर मी स्प्रिंगा आणि चांगले शॉकअप घेईन. वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर जात असाल आणि अलाइनमेंटचे पैसे पुन्हा पुन्हा द्यायची तयारी असेल, तर खालचा ब्रॅकेट फिरणारे कॉइलओव्हर. काम झाल्यावर रात्री एकदा भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोतही तपासा. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आलेली नसेल, तर तोही बदललेला असतो.