30 सेकंदांचा ब्रश आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार

यू आकाराचा सिलिकॉनचा ब्रश. तोंडात धरा, बटण दाबा, सगळे दात एकदम साफ. 2 ब्रश, 4 बदली माउथपीस (तोंडात धरायची यू आकाराची पट्टी), खास फेसाच्या 3 बाटल्या. एवढ्या पैशांत साधे 46 ब्रश आले असते. दर तीन महिन्यांनी एक धरला तर साडेअकरा वर्षं पुरले असते. हा हिशेब पैसे गेल्यावर सुचला. 70 टक्के सूट, 'फक्त 9 शिल्लक', उलटं मोजणारं घड्याळ. ही नाटकं सगळ्यांना माहीत असतात. मलाही होती.

तरी फसलो, कारण जाहिरातीतली आकडेमोड बरोबर होती. 28 दात, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे 84. हाताने दोन मिनिटं घासलं तर एका बाजूच्या वाट्याला जेमतेम दीड सेकंद येतो. इथे प्रत्येक बाजूला पूर्ण 30 सेकंद! शिकलेली माणसं याच गळाला लागतात. मुळात ब्रशचे सिलिकॉनचे काटे त्या बाजूंना टेकतात का, हे कोणी विचारत नाही.

टेकत नाहीत. माउथपीस एकाच मापाचा, जबडा प्रत्येकाचा वेगळा. कमान रुंद असली की दात बाहेरच्या भिंतीला टेकतात आणि आतली भिंत अधांतरी राहते. अरुंद असली की उलट. एखादा दात पुढे आलेला असेल तर तो भिंतीला ढकलतो आणि शेजारचे दोन्ही कोरडे. शेवटच्या दाढेपर्यंत पट्टी पोचली तर नशीब. साध्या ब्रशचा केस साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा असतो, 45 अंशांत धरला की हिरडीच्या खाचेत शिरतो. सिलिकॉनचा काटा कितीतरी जाड आणि बोथट, तो खाचेवरूनच घसरतो. त्यात माउथपीस दातांनी आवळून धरायचा असल्यामुळे मोटर सुरू झाली की दात आणि पट्टी एकत्रच थरथरतात. दातावरून काही सरकतच नाही, मग चिकट थर निघणार कसा? फेस भरपूर येतो, म्हणून स्वच्छ वाटतं. प्लाक, म्हणजे हाच चिकट थर, दाखवणारी रंगाची गोळी चघळा आणि आरशात बघा: हिरडीलगत गुलाबी पट्टा आणि खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू जशीच्या तशी. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असा ब्रश वापरणं आणि काहीच न घासणं यात फरक सापडला नव्हता. खरेदीआधी शोधलं असतं तर दोन मिनिटांत मिळालं असतं!

पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. परतीच्या अटींत स्पष्ट लिहिलं होतं: 'आरोग्याच्या कारणास्तव सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही.' सील न फोडता ब्रश तपासायचा कसा? हे वाक्य मी वाचलं होतं. पैसे भरायच्या आधी. वाचून 'बरोबरच आहे, तोंडात घातलेली वस्तू कोण परत घेईल' असं म्हणून पुढे गेलो.

'एफडीए (अमेरिकेची अन्न आणि औषध नियामक संस्था) नोंदणीकृत' या शिक्क्याला भुलू नका. अमेरिकेत विजेचा ब्रश कमी जोखमीच्या वर्गात येतो, त्याला आधी मंजुरी लागत नाही आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. नोंदणीचं प्रमाणपत्र ती संस्था देतच नाही. पानावर सोनेरी प्रमाणपत्र झळकत असेल तर ते घरीच छापलेलं.

आता तक्रारीचं. ग्राहक कार्यालय म्हणतं, वस्तू मिळाली, चालू होते, मग फसवणूक कसली? दात साफ होत नाहीत हा वैद्यकीय प्रश्न, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, हे विजेचं उपकरण, आमच्या कक्षेत नाही. सायबरवाले म्हणतात, ओटीपी तुम्हीच दिला ना? बँकेने तर 'अनधिकृत व्यवहार' हाच एक रकाना दाखवला, आणि तो भरला की दावा फेटाळला जातो, कारण व्यवहार आपणच केलेला असतो. रकाना 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' असा मागून घ्या. गोळीनंतरचे दातांचे फोटो आणि जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट सोबत जोडा. ते पान आठवड्यात गायब होतं. कार्डाच्या दाव्याला मुदत असते, बहुधा 120 दिवस, आणि विक्रेत्याला ती आपल्यापेक्षा पाठ असते. म्हणून त्याची उत्तरं गोड आणि संथ: 'आणखी 15 दिवस द्या.' मग 'वस्तू ठेवा, 30 टक्के परत करतो.' हे स्वीकारलं की उरलेल्या 70 टक्क्यांचा दावा बहुतेक संपलाच. ते नाकारल्यावर ताजा प्रस्ताव आला आहे: दोन माउथपीस मोफत, टपालखर्च आपला.