दांडिया बाजारातले फ्रेमवाले काका: भुतांची सोय उत्तम, फक्त घाई नको

बडोद्यात फ्रेमवाल्यांना काही तोटा नाही. श्रीनाथजी, गजानन महाराज, चंदनाचा हार घातलेले आजोबा, मुलीचं डिग्री सर्टिफिकेट, जे न्याल ते दोन दिवसांत काचेआड बसवून देतात. माझ्याकडे मात्र ड्रॅक्युला होता, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस होता, ममी होती, लांडगामाणूस होता आणि 'पुराना मंदिर' सिनेमातला आपला सामरी होता. सगळे पुराचं पाणी प्यायलेले.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा समा भागात आईच्या घरी दिवाणाच्या तळापर्यंत पाणी आलं होतं. त्या आठवड्यात कुणाच्या अंगणात, कुणाच्या जिन्याखाली मगरी सापडत होत्या. आमच्याकडे मगर आली नाही, पण दिवाणातल्या पत्र्याच्या पेटीत पाणी गेलं. पेटी माझी आणि दादाची. लहानपणापासून जमवलेली भुतं तिच्यात होती: राक्षसांची तिकिटं लावलेली मामाची पाकिटं, एक सिनेमाचं पोस्टर, एक प्लास्टिकचा पुतळा.

काकांचं दुकान लकडी पुलाच्या बाजूला, आतल्या गल्लीत आहे. नाव लिहीत नाही, कारण काकांनीच हात जोडून सांगितलं की आधीचीच कामं उरकत नाहीत. गल्लीत विचारा, कुणीही दाखवेल. बाहेरून काही विशेष नाही. मोल्डिंगचे तुकडे टांगलेले, खाली भुसा, आत एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या मोठ्या चित्रांच्या पाठी. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सची पोरं डिस्प्लेच्या आधी इथेच ठाण मांडून असतात. मलाही तिथल्याच एका मैत्रिणीने पाठवलं. जुन्या कागदाच्या खोडी काका तिथल्या लोकांबरोबर काम करून शिकले, असं ते स्वतः सांगतात.

मी पिशवी टेबलावर उपडी करणार, एवढ्यात काकांनी हात धरला. "थांबा बेन, ओलं आहे का अजून?" टीपकागदाचे ताव पसरले, एकेक वस्तू चिमट्याने काढून मांडली. सगळं मांडून झाल्यावरही पैशांची गोष्ट नाही. पहिला प्रश्न वेगळाच, "हे अक्षर कुणाचं?"

अक्षर मामाचं. इथे थोडं मागे जावं लागेल, नाहीतर मी चार पाकिटांवर एवढे पैसे का घातले ते कळणार नाही.

आमच्या भुताटकीची सुरुवात कमाटीबागेत झाली. बाबा रविवारी आम्हाला म्युझियममध्ये न्यायचे. बडोद्याच्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याला तिथल्या दोनच गोष्टी आठवतील, देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी. देवमासा पाहून तोंडाचा आ व्हायचा, पण झोप उडवायची ती ममी. घरी येऊन दादा आईचं जुनं धुवट पातळ अंगाला गुंडाळून मला घाबरवायचा. हे मामाला पत्रातून कळलं. मामा न्यू जर्सीला होता. भाचरांना भुतं आवडतात म्हटल्यावर त्याला पाठवायला काहीतरी मिळालं.

सप्टेंबर 1997 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने जुन्या चित्रपटांतल्या राक्षसांची पाच तिकिटं काढली, प्रत्येकी 32 सेंटची. त्यांत लॉन चेनीचा फँटम ऑफ द ऑपेरा, बेला ल्युगोसीचा ड्रॅक्युला, बोरिस कार्लॉफ दोनदा (एकदा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, एकदा ममी) आणि लॉन चेनी ज्युनिअरचा लांडगामाणूस. त्या काळी भारतात हलकं पत्र पाठवायला 60 सेंट लागत, म्हणजे एक तिकीट पुरायचं नाही. मामा दोन लावायचा. चार सेंट सरकारला जास्त गेले, पण दोन भाचरांना एकेक भूत मिळालं. पाकिटाच्या मागच्या झडपेवर बारीक अक्षरात वाटणी लिहिलेली असायची, "ड्रॅक्युला दादाला, ममी तुला. भांडू नका." पुढच्या पत्रात उलट. आम्ही अर्थातच भांडायचो.

दादाने त्याच्या वाट्याची बरीच तिकिटं कात्रीने कापून अल्बममध्ये लावली. चार पाकिटं तेवढी अख्खी राहिली. काकांना मी सांगितलं की तिकिटं पाण्यातून सोडवून घ्या, पाचांचा संच एका ओळीत लावा, छान दिसेल. काका म्हणाले, "सुटं तिकीट तुम्हाला कुठल्याही डीलरकडे मिळेल. हे पाकीट मिळेल का?" आणि पाकिटं टेबलाच्या त्यांच्या बाजूला सरकवून घेतली. या दुकानाला मी तारे देते आहे त्यातला मोठा वाटा या वाक्याचा आहे. दुसरा कुणी असता तर गिऱ्हाईक म्हणेल तसं कापून मोकळा झाला असता.

मग मी त्यांना त्या तिकिटांमागची हकीकत सांगितली, तेव्हा काकांनी हातातला कटर खाली ठेवला. ही तिकिटं निघावीत म्हणून धडपड केली ती त्या नटांच्या घरच्यांनी. कार्लॉफची मुलगी सारा, ल्युगोसीचा मुलगा बेला ज्युनिअर आणि चेनींचा वंशज रॉन, जो एका चेनीचा नातू आणि दुसऱ्याचा पणतू. त्यातला ल्युगोसीचा मुलगा वकील. बापाच्या ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यावर हक्क कुणाचा, यावरून युनिव्हर्सल स्टुडिओशी झालेला खटला 1979 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात घरच्यांच्या विरोधात गेला. नंतर तिथला कायदा बदलला आणि मेलेल्या कलावंताच्या चेहऱ्यावर वारसांना हक्क मिळाला. काका म्हणाले, "म्हणजे भुताचीसुद्धा वारसानोंद होते तर." तलाठ्याकडे खेपा घातलेला माणूसच असं बोलू शकतो.

आता कामाविषयी. पाकिटाला गोंदाचा थेंब नाही. जपानी कागदाच्या नखाएवढ्या पट्ट्या, त्यांना गव्हाच्या सत्त्वाची खळ, आणि त्या पट्ट्यांवर पाकीट वरच्या कडेने टांगलेलं. उद्या काढायचं म्हटलं तर ओलसर बोळा फिरवला की सुटतं. मागे आम्लरहित बोर्ड, पुढे काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक, आणि पाकीट ॲक्रिलिकला चिकटू नये म्हणून मध्ये मोकळी जागा. फ्रेम दोन्ही बाजूंनी पारदर्शक ठेवली, कारण मागच्या झडपेवरची वाटणी दिसायला हवी. ही कल्पनाही त्यांचीच. पाण्याने शाई थोडी फुटली आहे, "भांडू नका"मधला "भां" पसरला आहे. तो सुधारायचा का, असं मी विचारलं, तर सरळ नाही म्हणाले.

एक अडचण राहते. या तिकिटांत साध्या डोळ्यांना न दिसणारी चित्रं छापली आहेत, ती अमेरिकन टपाल खात्याच्या खास भिंगातूनच दिसतात आणि भिंग तिकिटाला अगदी टेकवावं लागतं. फ्रेममध्ये गेलं की तो खेळ संपला. तुमच्याकडे अशी तिकिटं असतील तर एखादं सुटं बाहेर ठेवा. दादाच्या कात्रीचा तेवढा तरी उपयोग झाला.

सामरीचं काम सगळ्यात अवघड होतं. 'पुराना मंदिर', 1984, रामसे बंधूंचा. तीस बाय चाळीस इंची पोस्टर, घड्यांवर विरलेलं. बाबांचे एक दोस्त टॉकीजमध्ये होते, त्यांनी दिलेलं. सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, हे बाबा कौतुकाने सांगत, जणू आमच्याच घरातला मुलगा. खालचा तिसरा हिस्सा पाण्यात भिजून तपकिरी झाला होता आणि बरोबर मधल्या घडीवर पोस्टर फाटलेलं. सिनेमातही सामरीचं डोकं एकीकडे आणि धड एकीकडे ठेवलेलं असतं, त्यामुळे आमच्या घरी या फाटण्यावर फार कुणी हळहळलं नाही. काकांनी मागून पातळ कागदाचं अस्तर दिलं, फाट जुळवली, डाग फिकट केला. पूर्ण गेला नाही आणि जाणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. दोन हातांवरून जोड कळत नाही, जवळून कळतो.

याच पत्र्याच्या पेटीतलं एक शोकार्ड, म्हणजे सिनेमाच्या जाहिरातीचं कार्ड, काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका दुकानात दिलं होतं. त्यांनी ते हार्डबोर्डवर गोंदाने थापून दिलं. काकांनी ते हातात घेतलं, पाठ पाहिली आणि परत केलं. सुटणार नाही, पैसे घालू नका. नाही म्हणणारा कारागीर मला तरी आवडतो.

तिसरी वस्तू म्हणजे प्लास्टिकचा फ्रँकेन्स्टाइन. ऑरोरा कंपनीने 1961 मध्ये जो जोडायचा संच काढला, त्याच साच्याची नंतरची आवृत्ती. मामाने आणलेला, दादाने जोडलेला, रंग कंपासपेटीतल्या ब्रशने दिलेला आणि तसाच दिसणारा. वीतभर उंच, थडग्यापुढे हात लांब करून चालत येतोय. याला खोल पेटीची फ्रेम लागते आणि खोली ठरते ती त्या हातांवरून. गंमत अशी की 1931 च्या चित्रपटात कार्लॉफ असा हात पुढे करून चाचपडत नाही. ती चाल 1943 च्या चित्रपटातली. तिथे राक्षस केला ल्युगोसीने, पटकथेत तो आंधळा होता, आणि आंधळेपणाचे संवाद पुढे कापून टाकले. त्यामुळे कारण गेलं आणि पुढे केलेले हात तेवढे राहिले, ते जगभर प्रत्येक पोराने उचलले. माझ्या बिलात त्या हातांचे अडीच इंच जास्तीचे लागले आहेत.

याच पेटीवरून काकांच्या मुलाशी माझं वाजलं. तो बिलिंग आणि "डिझाइन" बघतो. त्याला आत हिरवा एलईडी लावायचा होता. "ताई, एकदम हॉरर लुक येईल." मी नको म्हटलं. फोनवर नमुन्याचे फोटो आले ते हिरव्या उजेडातच. पुन्हा नको. ड्रॅक्युलाच्या पाकिटाला त्याने नक्षीची सोनेरी पट्टी सुचवली, ती बालाजीला शोभेल. साधी काळी पट्टी मागून घ्या आणि लिहून घ्या.

तक्रारी आहेतच. दिवाळीला देतो म्हणाले आणि उत्तरायण होऊन गेल्यावर दिलं. मध्ये फोन केला की "बस, आ अठवाडिये" हे एकच उत्तर. अंदाजपत्रकात जीएसटी धरलेला नव्हता, तो शेवटी आला. एका ॲक्रिलिकवर बारीक चरा होता, तो दाखवल्यावर कटकट न करता बदलून दिला, पण घरी आणण्याआधी उजेडात धरून बघा. भाव असे: पाकिटाची दुतर्फा फ्रेम 1,850 रुपये एक, फ्रँकेन्स्टाइनची पेटी 4,200, सामरीचं अस्तर आणि फ्रेम मिळून 9,500, सगळं जीएसटी सोडून. बडोद्याच्या मानाने महाग. श्रीनाथजींची फ्रेम करायला इथे येण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर कुठे काय लावायचं यावरून आईने कोर्ट भरवलं. सामरी हॉलमध्ये नको, लोक येतात. फ्रँकेन्स्टाइन देवघरासमोर नको. मामाची पाकिटं मात्र तिने स्वतःच्या खोलीत, पलंगावरून दिसतील अशी लावून घेतली, दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून भिंतीऐवजी खिडकीच्या आडव्या गजाला साखळीने टांगून. तिथे ऊन येतं, अतिनील की काय ते अडेल तेवढं अडेल. मी काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, पडदा लावा, दुपारी ओढा, आईंना काही बोलू नका.

दादा आता टोरोंटोला असतो. व्हिडिओवर सगळं बघून त्याचं पहिलं वाक्य, "फ्रँकेन्स्टाइन माझा आहे, मी जोडलाय." दुसरं, तिसऱ्या पाकिटावरचा लांडगामाणूसही त्याच्या वाट्याचा होता, झडपेवर लिहिलंय ते वाच. वाचलं. लिहिलंय खरं.

पाचपैकी चार तारे. एक उशिरासाठी कापला, हिरव्या दिव्यासाठी अर्धा कापणार होते पण तो फुकट देत होता. जायचं असेल तर सकाळी जा, काका स्वतः असतात. दुपारनंतर मुलगा असतो. गणपती ते दिवाळी नवीन काम देऊ नका. गाडी न्यायमंदिराकडे लावून चालत या. जीएसटीसकट बिल दादाला पाठवलं आहे. लांडगामाणूस त्याचा असेल तर त्याचे 1,850 ही त्याचेच.