अण्णांच्या आजारपणातले रुग्णसाहित्याचे दुकान

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसे ताठर होत जाण्याचा आजार, असल्याचे निदान 2020 च्या पावसाळ्यात झाले. त्या सप्टेंबरपासून गेल्या पौषात ते जाईपर्यंत सांगलीतल्या या दुकानाशी आमचा सतत संबंध आला. हा अनुभव सव्वाचार वर्षांचा असल्याने थोडे सविस्तर लिहीत आहे.

अण्णा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात 36 वर्षे दिवाणजी होते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घरी आला त्या दिवशी त्यांनी लाल बांधणीची नवी वही मागवली, पहिल्या पानावर ‘श्री’ घातले आणि अनामतीचे 10,000 रुपये दुकानाच्या नावे टाकून खाते उघडले. त्यानंतर रोज रात्री यंत्राच्या तास-मीटरचा आकडा, ऑक्सिजन किती लिटरवर ठेवला आहे आणि ऑक्सिमीटरवर काय दिसले, हे ते त्या वहीत मांडत असत. धाकटी नात बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा मोठ्याने वाचायची आणि आजोबा तो लिहून घ्यायचे. दुसरीत असलेल्या त्या मुलीला तारीख-वार लिहिण्याची शिस्त त्या वहीनेच लावली.

दुकानदारांनी दुसऱ्याच महिन्यात स्वतःहून सांगितले की, सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ यंत्र लागणार असेल, तर भाड्याने परवडणार नाही, विकत घ्या. स्वतःचे भाडे बुडवून असा सल्ला कोणी देईल, असे आम्हाला वाटले नव्हते. जानेवारी 2021 मध्ये आम्ही त्यांच्याकडूनच 5 लिटरचे यंत्र घेतले. अनामत मात्र सिलिंडरपोटी त्यांच्याकडेच राहिली. हे यंत्र खोलीतल्याच हवेतून नायट्रोजन अडवून 90 ते 95 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते, त्यामुळे ते सिलिंडरसारखे संपत नाही, पण वीज गेली की थांबते. म्हणून एक बी टाइप, म्हणजे सुमारे 1,500 लिटर ऑक्सिजनचा, सिलिंडर कायम कोपऱ्यात उभा असे. मिनिटाला 2 लिटरच्या वेगाने तो साधारण 12 तास पुरतो, हे गणित अण्णांनीच दुकानाच्या मेकॅनिकला करून दाखवले होते.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सिलिंडर भरून मिळेनासे झाले. दुकानदारांनी खोटा दिलासा दिला नाही. ‘काकू, सिलिंडर आता रुग्णालयांनाच आधी जाणार, माझा भरवसा धरू नका,’ असे त्यांनी आईला स्पष्ट सांगितले आणि त्याच संध्याकाळी आपल्या दुकानातला इन्व्हर्टर उतरवून आमच्याकडे आणून जोडला. आम्हाला नवा मिळेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, तो आमच्याकडे होता आणि त्याचे त्यांनी काहीही घेतले नाही. पुढे जुलैत कृष्णेला पूर आला. आमचे घर गावभागात आहे. आयर्विन पुलापाशी पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे 40 फुटांच्या जवळ आल्याचे कळताच आम्ही फोन करण्याआधीच त्यांचा टेम्पो दारात उभा राहिला आणि यंत्र, इन्व्हर्टर, सिलिंडर व अण्णा अशी सगळी वरात विश्रामबागेत माझ्या घरी सुखरूप पोहोचली. पाणी नंतर 50 फुटांच्याही वर गेले. सांगलीकरांना त्या रात्रींबद्दल वेगळे सांगायला नको.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती नळी. आई आणि अण्णा लग्न झाल्यापासून संध्याकाळचा चहा परसदारी, तुळशीच्या कट्ट्यावर बसून घेत आले होते. यंत्राबरोबर आलेली नळी मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच पुरे, त्यामुळे तो चहा बंद पडला होता. फिल्टर बदलायला आलेल्या मेकॅनिकच्या कानावर आईने हे सहज घातले. त्याने खिशातला टेप काढून खाटेपासून कट्ट्यापर्यंतचे अंतर मोजले आणि दुसऱ्या दिवशी 15 मीटरची नळी आणून, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन पुरेसा येतो आहे ना, हे तपासूनच तो गेला. नळी दाराच्या फटीत चेपू नये म्हणून त्याने चौकटीला खाली लाकडाचा एक तुकडाही ठोकून दिला. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे अण्णांनी कट्ट्यावर चहा घेतला. बशीत ओतून, आधी आईला देऊन.

तक्रारीच्या जागाही सांगते. शेवटच्या आठ महिन्यांत अण्णा खाटेला खिळले, तेव्हा आणलेल्या फाउलर बेडची, म्हणजे दांडी फिरवून डोक्याची-पायांची बाजू उचलता येणाऱ्या खाटेची, खालची दांडी अडकत असे आणि ती फिरवायला दोन माणसे लागत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घातलेल्या एअर बेडचा, म्हणजे हवेच्या गादीचा, पंप एकदा बंद पडला, तो बदलून मिळायला दोन दिवस गेले. दर दोन तासांनी कूस बदलायची काळजी आईने घेतली, म्हणून पाठीला जखम झाली नाही. अशा वस्तूचा जादा संच दुकानात हवाच.

अण्णा घरीच, आईचा हात हातात असताना गेले. दुकानातून तेरावा होईपर्यंत सामानाबद्दल एक फोनही आला नाही. नंतर मेकॅनिक आला तेव्हा बेडच्या कठड्यावर नातीने चिकटवलेली फुलपाखरे तशीच होती. त्याने ती खरवडली नाहीत, नखाने एकेक सोडवून आईच्या हातात दिली. आमचे यंत्र आम्ही दुकानाकडेच सोपवले आणि ज्यांना भाडे झेपत नाही त्यांना ते विनामूल्य द्यायचे, असे दुकानदारांनी पावतीवर लिहून दिले. आईने मेकॅनिकला तास-मीटरचा आकडा वाचायला सांगितला आणि शेवटच्या काही पानांवरच्या अण्णांच्या थरथरत्या अक्षराखाली तो स्वतः लिहिला. अनामतीचे 10,000 रुपये मोजून घेतल्यावर तिने वहीचे पहिले पान उघडले, ती रक्कम दुकानाच्या खाती जमा केली आणि खाली दोन रेघा ओढल्या.