करिअर समुपदेशन सेवेचा अनुभव : अहवाल तोकडा, बैठका मोलाच्या

कामाचे क्षेत्र बदलावे की नाही, हे ठरवण्यासाठी मी अलीकडे एका ऑनलाइन करिअर समुपदेशन सेवेची मदत घेतली. आधी अभिरुची चाचणी, मग तिचा अहवाल आणि त्यानंतर समुपदेशकाबरोबर बैठका, असे या सेवेचे स्वरूप आहे. नोंदणी आणि वेळा ठरवणे सुरळीत पार पडले.

चाचणी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी केलेल्या, माणसांच्या व्यावसायिक आवडींच्या सहा प्रकारांच्या वर्गीकरणावर बेतलेली असून तिचे प्रश्न सुटसुटीत आहेत. अहवालाने मात्र निराशा केली. ज्या कामांना मी कमी पसंती दिली, ती मला आवडत नाहीत असे तो सरळ गृहीत धरतो. ती खरोखर नावडती आहेत की आपल्याला जमणार नाहीत या धास्तीने मी टाळली, याची चौकशी चाचणीत कुठेच नाही. ही उणीव किरकोळ नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सिद्धान्त मांडला आणि संशोधक नॅन्सी बेट्झ व गेल हॅकेट यांनी १९८१ मध्ये तो करिअरच्या निवडीला लावून पाहिला, तेव्हा परंपरेने पुरुषांच्या मानल्या गेलेल्या व्यवसायांबाबत विद्यार्थिनींचा आत्मविश्वास कमी आढळला, जरी क्षमताचाचण्यांत त्या मुलग्यांच्या मागे नव्हत्या. इतकी जुनी गोष्ट आजच्या अहवालात नसावी, याचे आश्चर्य वाटते.

बैठकांनी ही कसर बरीच भरून काढली. समुपदेशक बाईंनी दोन प्रश्न वेगळे करायला लावले : हे काम मला जमेल का, आणि जमले तर त्यातून मला काय मिळेल? माझी अडचण पहिल्या प्रश्नात आहे असे मी धरून चालले होते. बोलता बोलता लक्षात आले की काम जमेल असे मला वाटत होते, पण या वयात नवख्या माणसाला कोणी जबाबदारीचे काम देणार नाही, ही अपेक्षाच मला मागे खेचत होती. ‘तुम्हाला नक्की जमेल’ असा कोरडा धीर त्यांनी दिला नाही, हे मला विशेष आवडले. त्याऐवजी त्या क्षेत्रातील एक छोटे, खरे काम करून आणायला सांगितले, कारण शाब्दिक प्रोत्साहनापेक्षा स्वतः पार पाडलेल्या कामातून येणारा विश्वास अधिक पक्का असतो. (सेवेकडून रोज येणारे प्रेरणादायी संदेश मी याच कारणाने बंद केले.)

घरच्यांच्या अपेक्षा आणि आर्थिक मर्यादा यांवर मात्र बैठकांत फारच थोडा वेळ दिला गेला. आत्मविश्वास वाढला तरी हे अडथळे तसेच राहतात आणि त्यांचा हिशेब मला एकटीलाच मांडावा लागला.

अहवालाशिवाय केवळ बैठका घेता आल्या असत्या, तर मी ही सेवा बिनदिक्कत सुचवली असती. सध्या तशी सोय नाही. घेणाऱ्यांनी अहवालातील व्यवसायांची यादी बाजूला ठेवावी आणि टाळलेल्या प्रत्येक कामामागचे कारण पहिल्याच बैठकीत मांडावे.