मागच्या टायरचं माप बदललं आणि फोर व्हीलची गिअरपेटी गेली

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानं हे वाचावं. माझे लाखाच्या घरात पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.

आम्ही दिग्रसकडचे. आमच्या काळ्या जमिनीत पाऊस पडला की साधा ट्रॅक्टर जागेवरच चाकं फिरवतो, म्हणून कर्ज काढून फोर व्हील, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळणारा, घेतला होता. २०२४ च्या जूनमध्ये मागचे टायर गुळगुळीत झाले आणि सोयाबीनची पेरणी तोंडावर आली. माझं माप १३.६-२८. दुकानदारानं आतून १४.९-२८ ची जोडी काढली. म्हणाला, "रिंग अठ्ठावीसचीच आहे ना भाऊ, कायचा फरक पडते? उलट रुंद टायर, चिखलात पकड जास्त. तुमच्याच मापाच्या भावात देतो." आभाळ भरून आलेलं. मी ४८ हजार मोजले, जुने टायरही त्यानंच ठेवून घेतले.

पंधरा दिवसांत फोर व्हील लावायचा-काढायचा लिव्हर अडकायला लागला. थोडा रिव्हर्स घेतल्याशिवाय सुटेचना. पुढच्या टायरची नक्षी घासून कडा धारदार झाल्या. मला वाटलं, मातीच तशी आहे. दिवाळीआधी पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरपेटीतून आवाज आला, आणि खोलली तर दात तुटलेले. खर्च ३७ हजार.

मिस्त्रीनं टायरकडे बघून पहिलं हेच विचारलं, "हे कोनं लावून देल्ले?" मग त्यानं समजावलं. २८ हा फक्त रिंगचा आकडा आहे, इंचात. १३.६ आणि १४.९ ही टायरची रुंदी, पण रुंदीबरोबर उंचीही वाढते. या दोन मापांत टायरच्या व्यासात दोन इंचांच्या आसपास फरक पडतो. पुढची आणि मागची चाकं गिअरनं एकमेकांना बांधलेली असतात. पुढचं चाक जमिनीवर मागच्यापेक्षा किंचित जास्त, साधारण १ ते ५ टक्के, पुढे ओढत राहील असा हिशोब कंपनीनं बांधलेला असतो. मागचं टायर मोठं झालं की तो हिशोब उलटतो. पुढचं चाक ओढायच्या ऐवजी अडवायला लागतं आणि सगळा ताण गिअरवर येतो.

त्यानं माझ्यासमोर खडूनं दाखवलं. मागच्या आणि पुढच्या चाकावर खूण केली, सपाट कच्च्या रस्त्यावर मागचं चाक दहा वेळा फिरवलं. फोर व्हील काढलेलं असताना पुढचं सव्वासतरा फेरे फिरलं, लावल्यावर सतराच. लावल्यावर फेरे थोडे जास्त भरायला पाहिजेत, माझे कमी भरले. ही परीक्षा कुणालाही पाच मिनिटांत करता येते. टायर बदलल्यावर पहिल्याच दिवशी करा, आणि पुढचे टायर झिजलेले असताना मागे एकदम नवे बसवले असतील तरीही करा.

त्याच दिवशी टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार अंक वाचले. ३२१९. म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नवे म्हणून दिलेले टायर पाच वर्षं दुकानात पडून होते. ते माप कुणी घेत नव्हतं, म्हणून माझ्या गळ्यात मारलं. न कळून झालेली चूक ही नाही.

जाब विचारायला गेलो तर दुकानदारानं बिल मागितलं. बिलावर लिहिलं होतं, "ट्रॅक्टर टायर मागचे, २ नग". माप नाही, कंपनीचं नाव नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तकात छापलेलं माप बिलावर लिहून घ्या, टायरवरचा आकडा आणि ते चार अंक दुकानातच मोबाइलनं टिपा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि मिस्त्रीच्या हातचं लेखी घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत.